बसून खाणारी डिस्क

मी आयुष्यात एकच लग्न पुसून टाकलं आहे, आणि ते माझं नव्हतं.

ते कार्ल्याच्या रफीकभाईंच्या मुलीचं होतं. मेहंदीपासून पाठवणीपर्यंत सगळं, फोटोंसकट, आणि तेही मी नवा पोशाख घालून पाटावर बसलो असताना, पोटभर जेवता जेवता. एवढं मोठं काम इतक्या कमी श्रमात क्वचितच कोणाच्या हातून झालं असेल.

मी तळेगावच्या एका कारखान्यात ‘आयटी’त आहे. आयटीत म्हणजे काय, तर कोणाचा प्रिंटर अडकला की मी जातो, झाकण उघडतो, अडकलेला कागद ओढून काढतो आणि झाकण लावतो. पासवर्ड विसरलेल्यांना नवा पासवर्ड देतो. (तोही ते विसरतात, म्हणून माझी नोकरी टिकून आहे.) ही वस्तुस्थिती कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे, पण सासरी माहीत नाही. लग्नाच्या बोलणीत आमच्या मामांनी ‘मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगितलं होतं. तेव्हापासून सासरी टीव्हीच्या रिमोटपासून विहिरीच्या मोटरपर्यंत ज्याला ज्याला वायर आहे ते सगळं माझ्या अखत्यारीत येतं.

सासुरवाडी कार्ला फाट्यावर. पुढे फोटो स्टुडिओ, मागे घर, घरामागे भाताची खाचरं. स्टुडिओ सासऱ्यांनी काढला. त्यांना सगळा फाटा आण्णा म्हणतो. आता कॅमेरा मेहुण्याच्या, म्हणजे सचिनच्या हातात आहे. मावळातल्या निम्म्या लग्नांचं शूटिंग तो करतो आणि ते सगळं सुट्या हार्ड डिस्कवर ठेवतो. त्या डिस्का स्टुडिओतल्या कपाटात, टेबलाच्या खणात, एक तर चक्क देव्हाऱ्याच्या फळीवर असायची. एकदा कोणाची तरी हळद सापडेना म्हणून त्यानं दोन दिवस घर उलटंपालटं केलं, आणि तेव्हाच त्याला सगळं नीट, एका ठिकाणी, सुरक्षित ठेवायची हुक्की आली.

त्यानं कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसचा जुना सर्व्हर भंगारवाल्याकडून उचलून आणला. चार डिस्क बसतील असा जड काळा डबा, आणि त्यात कंट्रोलर नावाचं एक कार्ड. चार डिस्कांना एकत्र बांधून त्यांचा कारभार बघायचा हे त्या कार्डाचं काम. या बांधणीला रेड म्हणतात. ती नीट केली तर एखादी डिस्क मेली तरी आतलं काही जात नाही.

“दाजी, त्या रेडचं सेटिंग तेवढं तुमी करून द्या,” सचिन फोनवर म्हणाला. “हितं स्क्रीनवर लय काय काय येतंय.”

मी सरळ सांगायला हवं होतं की बाबा रे, मी रेड या जन्मात पाहिलेली नाही. पण फोन स्पीकरवर होता आणि शेजारी वैशाली, म्हणजे माझी बायको, भाजी निवडत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“सोप्पं असतं रे ते!” मी म्हणालो.

नंतर मी मोबाईलवर त्याबद्दलचे दोन व्हिडिओ पाहिले. एकात आवाज नव्हता.

तर नेमका तेव्हा अधिक महिना लागलेला. उन्हाळ्याचा अधिक महिना, त्यामुळे लग्नं बंद, आणि लग्नं बंद म्हणून स्टुडिओ रिकामा. सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, फर्मान काढलं की पाव्हणं धोंड्याच्या जेवणाला येणारच हायेत, तवाच ती डब्याची भानगड करून टाकतील. अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात, हे मराठी माणसाला सांगायला नको. गव्हाच्या पिठाचे पुरण भरलेले गोळे, वर तुपाची धार, नवा पोशाख, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि पेटता दिवा. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण! त्याचं पाऊल धुतात, त्याला ओवाळतात, आणि मुख्य म्हणजे त्याला कोणी काही बोलत नाही. या शेवटच्या नियमानंच घात केला.

मळवली स्टेशनवर उतरून आम्ही रिक्षानं फाट्यावर पोचलो, तर स्टुडिओच्या दारात रफीकभाई उभे. त्यांचं टायर-पंक्चरचं दुकान रस्त्याच्या पलीकडेच. हात ग्रीसनं काळे होते म्हणून ते आत न येता उंबऱ्याबाहेरूनच सचिनशी बोलत होते.

“सचिनशेठ, झाली का फिल्लम? अम्मा रोज इचारतीया.”

रफीकभाईंच्या अम्मा म्हणजे फाट्यावरच्या सगळ्यांच्याच अम्मा. नातीचा निकाह ठरला आणि त्याच्या आदल्या आठवड्यात त्या मोरीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. निकाह तळेगावच्या हॉलवर झाला आणि अम्मा घरी खाटेवर. नात त्यांच्याच हाताखाली वाढलेली. ती निकाहाच्या पोशाखात कशी दिसली हेसुद्धा त्यांनी पाहिलं नाही, आणि पोरगी नवऱ्यापाठोपाठ दुबईला निघूनही गेली. फोनवर काही दाखवू नका, असं अम्मांनी सगळ्यांना बजावलं होतं. मोठ्या टीव्हीवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नीट बघायचं, म्हणजे तिथं असल्यासारखं वाटेल, असा त्यांचा हट्ट. त्या हट्टासाठी त्या दिवस काढत होत्या.

“एवढं ह्या डब्याचं झालं की लगेच एडिटिंगला बसतो, भाई,” सचिन म्हणाला. “आज दाजी आलेत. ते कंपनीत ह्येच करत्यात.”

रफीकभाईंनी माझ्याकडे ज्या आदरानं पाहिलं ते मला अजून आठवतं आणि अजून झोंबतं.

आण्णा त्या काळ्या डब्याशेजारी खुर्ची टाकून बसले. मला मऊ गादीची खुर्ची, हातात लिंबू सरबत, पुढ्यात चिवड्याची बशी. मी व्हिडिओत ऐकलेलं (जो ऐकू येत होता त्यातलं) समजावून सांगायला लागलो.

“आण्णा, चारपैकी तीन डिस्का एकत्र काम करतील. तिघींत माहिती अशी वाटून ठेवायची की एक मेली तरी उरलेल्या दोघींना तिचं सगळं ठाऊक असतं.”

“बेस. आन् चवथी?”

“चौथी नुसती चालू ठेवायची. तिला हॉट स्पेअर म्हणतात. बाकीच्यांपैकी कोणी गेली की तिची जागा घ्यायला.”

“तवर?”

“तवर काही नाही. बसून राहील.”

आण्णांनी कपाळाला आठी घातली. “म्हंजे तिघी राबणार, आन् ही नुसती बसून खाणार?”

माझ्या एका हातात सरबत होतं, दुसऱ्या हातात चिवडा होता आणि मामी तेवढ्यात तिसरं काही तरी घेऊन येत होत्या. वैशालीनं खिडकीबाहेर काही तरी महत्त्वाचं चाललं असल्यासारखं तिकडे तोंड केलं.

“असली बसून खाणारी आपल्याला नगं,” आण्णांनी निकाल दिला. “चारी आणल्यात, चारींनी काम करायचं. एकीला येगळं काढायचं न्हाई.”

तो विषय पुढे रेटणं मला शक्यच नव्हतं. बसून खाणाऱ्याची बाजू मी कोणत्या तोंडानं मांडणार? मी गुपचूप चारही डिस्कांची एकच मोठी मोट बांधायचं ठरवलं. कोणालाही सुट्टी नाही, कोणालाही राखीव जागा नाही, आणि कोणी मेलं तर सगळेच मेले. कंट्रोलरच्या काळ्या स्क्रीनवर चार ओळी होत्या. मी चारींवर खूण केली.

“दाजी,” मागून सचिन म्हणाला, “त्यातल्या खालच्या दोन...”

“सच्या!” मामी गरजल्या. “पाव्हणं काम करत्यात ना? मधी मधी बोलू नगं.”

“अगं आई, पण...”

“अधिक महिना हाय! जावयाला टोकतात का कुटं?”

सचिन गप्प बसला. मी मागे वळून मोठ्या मनानं हसलो. कंट्रोलरनं विचारलं की या डिस्कांवरची सगळी माहिती नष्ट होईल, पुढे जायचं का? असल्या सूचना कॉम्प्युटर उगाचच देत असतो. कारखान्यात मी रोज न वाचता ‘हो’ म्हणतो. इथे निदान वाचून म्हणालो. मग त्यानं विचारलं की सफाई वरवरची करायची की संपूर्ण?

“काय म्हणतंय त्ये?” आण्णांनी विचारलं.

“झटपट करू की पूर्ण, असं विचारतंय. पूर्णला दोन-तीन तास लागतील.”

“पुरं करा! अर्धवट काम मला आवडत न्हाई.”

मी बटण दाबलं. चारही डिस्कांचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले, स्क्रीनवर एक पट्टी पुढे सरकू लागली आणि मी हात झटकून उठलो. “आता याला हात लावू नका. आपोआप होईल,” मी म्हणालो, आणि हे वाक्य मात्र दुर्दैवानं शंभर टक्के खरं होतं.

मग माझा नारायण झाला. पाय धुतले, टिळा लावला, आकाशी रंगाचा सफारी चढवला. (कापड आण्णांनी निवडलं होतं. त्यात मी बँकेबाहेरच्या शिपायासारखा दिसत होतो, पण नारायणानं तक्रार करायची नसते.) दीपदान, ओवाळणी, अनारशांचं ताट, सगळं यथासांग झालं. दरम्यान पलीकडे स्टुडिओत ती पट्टीही यथासांग सरकत होती. मग आम्ही पानावर बसलो.

वाढायला सचिन होता. तुपाचं भांडं घेऊन तो माझ्यापुढे वाकला आणि कानाशी कुजबुजला, “दाजी...”

“बस बस!” मी म्हणालो. मला वाटलं आग्रह करतोय.

“वाढ की! इचारतोस काय!” मामी म्हणाल्या, आणि त्यानं धार धरली.

दुसऱ्या फेरीला तो पुन्हा वाकला. “दाजी, एक मिनिट जरा...”

“नको रे बाबा, पोट भरलंय!”

“आसं कसं भरलं? दोन धोंडं आणखी घाल!” मामी.

त्यानं दोन घातले. त्याचा चेहरा पडला होता, घाम फुटला होता, आणि मी मनात म्हणत होतो की बघा, मेहुणा असावा तर असा! एखादा खऱ्या नारायणापुढेसुद्धा इतका हळवा होणार नाही. तिसऱ्या खेपेला तर त्याचे डोळे पाणावले. मी त्याच्या खांद्यावर थोपटलं. मी तिसऱ्या की चौथ्या धोंड्यावर होतो, आणि त्या वेळी पलीकडे बहुतेक रफीकभाईंच्या मुलीची मेहंदी पुसली जात होती.

शेवटी सचिननं तुपाचं भांडं खाली आपटलं आणि तो ओरडलाच. “आगं आई, मी तूप इचारत न्हाई! दाजी, त्या खालच्या दोन डिस्का नव्या न्हाईत! जुन्या हायेत! त्यातलं कॉपी करून घ्यायचं म्हणून मीच लावल्या होत्या. बाकीची लग्नं कपाटातच हायेत, पण रफीकभाईचं सबंध लग्न त्यातच हाय!”

माझ्या तोंडात अर्धा धोंडा होता. तो ना आत जाईना, ना बाहेर येईना.

“मेन!” मी कसाबसा म्हणालो. “मेन बंद कर!”

मी उठायला गेलो तर मामींनी दोन्ही हात आडवे केले. “भरल्या पानावरनं उठू नका! अधिक महिना हाय!”

“आई, लग्न पुसलं जातंय!” वैशाली किंचाळली.

“कुणाचं? तुजं?”

“माझं नाही!”

“मग बसू दे की त्येंला!”

सचिन धावला आणि घराचा मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, दिवा गेला, फ्रीज गप्प झाला. सगळं घर एकदम निवांत झालं, आणि त्या निवांतपणात स्टुडिओतून डब्याची घरघर स्पष्ट ऐकू येत राहिली. कारण त्याला यूपीएस होता! सर्व्हरला चांगला यूपीएस घे, लाईट गेली तरी काम थांबता कामा नये, असं सचिनला मीच निक्षून सांगितलं होतं. माझ्या सगळ्या सल्ल्यांपैकी तेवढा एकच बरोबर निघाला.

आम्ही खरकट्या हातांनी स्टुडिओत शिरलो. पट्टी टोकाला पोचली होती. खाली हिरव्या अक्षरांत लिहून आलं होतं की काम यशस्वीरीत्या पूर्ण झालं आहे.

मी तिथेच जमिनीवर बसलो. आकाशी सफारीला पुरण लागलं होतं. सचिननं डब्यावर डोकं टेकलं.

“अरे, पण आधी बोलायचंस ना!” मी म्हणालो.

“बोलत तर होतो! आन् मग मला वाटलं, दाजी कंपनीतले. आतलं तसंच ठेवून वरनं बांधायची काय तरी युक्ती असंल त्यांच्याकडं.”

“कॅमेऱ्यातली कार्डं?”

“मोकळी केली. पुढच्या सीझनसाठी.”

“दुसरी कॉपी?”

“तीच ठेवायला तर हा डबा आणला हो!”

मी सफारीवरचं पुरण पुसायला लागलो.

दुसऱ्या दिवशी चारही डिस्का घेऊन आम्ही पुण्यात गेलो. तिथे गेलेली माहिती परत काढून देणारा एक तज्ज्ञ होता. त्यानं डिस्का जोडल्या, बराच वेळ बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं.

“यात शून्यं आहेत,” तो म्हणाला. “पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती शून्यं. एवढं व्यवस्थित कोणी केलं?”

वैशालीनं माझ्याकडे बोट दाखवलं. तज्ज्ञानं माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्या छताकडे. परत आल्यावर सचिनला ड्रोनच्या पिशवीत एक विसरलेलं कार्ड सापडलं तेव्हा आम्ही देवाला हात जोडले. ते उघडलं तर त्यात हॉलचं पत्र्याचं छप्पर होतं आणि पार्किंग होतं. गाड्या फार सुंदर आल्या होत्या.

आता रफीकभाईंना सांगायचं कोणी? घरात बैठक बसली. मामींचं म्हणणं एकच, की काहीही झालं तरी पाव्हण्यांचं नाव फुटता कामा नये. डिस्क आजारी पडली म्हणायचं. तेव्हा आण्णा हळूच म्हणाले, “मी जातो. माज्या हातनं झालं म्हणून सांगतो. म्हातारा माणूस, चुकलं तर कोन काय म्हणणार?”

आण्णांनी उभ्या आयुष्यात लग्नाचा एक रोल खराब होऊ दिला नव्हता. रोल धुताना लाईट गेली तर अंधारात हातानं चाचपून काम पुरं करणारा माणूस. तो माझ्यासाठी म्हातारपणी आपलं नाव घालवायला निघाला होता. मला इतकी लाज वाटली की त्या क्षणी कोणी मलाच संपूर्ण सफाईला लावलं असतं तर मी ‘हो’ म्हणालो असतो, आणि तेही न वाचता.

“आण्णा, तुम्ही नाही,” मी म्हणालो. “मी जातो.”

रफीकभाई ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. धोंड्यांसकट. ते ट्यूब पाण्यात फिरवत राहिले. भोक केव्हाच सापडलं होतं, बुडबुडे येत होते, तरी ते फिरवतच राहिले.

“फोटू?” शेवटी त्यांनी विचारलं.

“तेही त्यातच.”

“बरं.” त्यांनी हात पुसले. “मला सांगितलंत ते झालं. अम्माला माज्यानं सांगवनार न्हाई. तिला तुमीच सांगा.”

अम्मा दुकानामागच्या खोलीत खाटेवर होत्या. खाट मुद्दाम टीव्हीसमोर सरकवून ठेवलेली. टीव्हीवरची धूळ पुसून त्यावर जाळीचा रुमालही घातला होता. मी पाठ केलेलं पहिलं वाक्य उच्चारणार, एवढ्यात त्या म्हणाल्या, “आन्नाचा जावई का रं तू? फिल्लमचं काम तूच करतूयास म्हनं. ये, बस. जेवलास का?”

“अम्मा, मला जरा सांगायचं होतं...”

“आदी खा. उन्हातनं आलास.” त्यांनी सुनेला हाक मारली. ताटली आली. शेवया होत्या. माझ्या जन्मात मला अन्नाची इतकी भीती कधी वाटली नव्हती. “माजी बेनझीर कशी दिसतीया फिल्लममधी?” अम्मांनी विचारलं.

मी शेवयांकडे बघत म्हणालो, “छान दिसते, अम्मा. आठवडाभरात आणतो.”

बाहेर आल्यावर रफीकभाईंनी नुसतं भुवई उंचावून विचारलं. मी आठवडाभराची मुदत सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला आणि कपाळाला ग्रीस लागलं.

मग मी कारखान्यात रजा टाकली आणि आम्ही निकाहाला आलेल्या प्रत्येक माणसाचं दार वाजवलं. रफीकभाईंनी नावं सांगायची, सचिननं गाडी चालवायची आणि मी हात जोडायचे. “तुमच्या मोबाईलमध्ये काही शूटिंग असेल तर द्या हो!” कामशेतला मामू, तिकोणा पेठेतले मेव्हणे, लोणावळ्याच्या चार मैत्रिणी, हॉलचा वॉचमन. लोकांनी भरभरून दिलं. कोणाचं उभं, कोणाचं आडवं, कोणाचं उलटं. एकात निकाहाच्या सबंध ‘कबूल है’वर कोणाचा तरी अंगठा होता. एका खालांनी, म्हणजे बेनझीरच्या मावशींनी, पाठवणीचं मोठं शूटिंग केलं होतं, पण रडता रडता, त्यामुळे हॉल भूकंपात सापडल्यासारखा हलत होता. तरी बेनझीर दिसत होती. हसताना, सही करताना, आणि गाडीत बसताना मागे वळून कोणाला तरी शोधताना.

सचिन त्या क्लिपा जुळवायला बसला आणि त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. आधी त्याला वाटलं योगायोग असेल. मग त्यानं मला हाक मारली.

“दाजी, हे बघा.”

निकाहाला आम्हीही सहकुटुंब गेलो होतो. नवरीचा भाऊ नवरदेवाला भेटतोय, मागे मी बिर्याणी खातोय. मैत्रिणींचा घोळका, त्याच्यामागे मी रायतं घेतोय. वडीलधारे दुवा मागतायत, आणि खांबाच्या आडून माझी ताटली पुढे आलेली आहे. वेगवेगळे लोक, वेगवेगळे फोन, वेगवेगळे कोपरे, आणि सगळीकडे मी!

“कापून टाक ना मला,” मी काकुळतीला येऊन म्हणालो.

“कसं कापू? तुमाला कापलं तर बेनझीर पण जाती.”

ठरल्या दिवशी अम्मांच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. मी दाराजवळ, पटकन बाहेर पडता येईल असा बसलो. अम्मांना खरं काय झालं ते रफीकभाईंनी शेवटी सकाळीच सांगून टाकलं होतं. टीव्ही लागला. आधी पार्किंग आलं. (सचिननं ते सोडलं नव्हतंच.) मग अंगठा आला, मग हलणारा हॉल आला, आणि मग बेनझीर आली. अम्मा कोपरावर उठून बसल्या. दुखत असणार, पण त्या बसल्या. पाठवणीच्या वेळी पोरगी मागे वळून शोधायला लागली तसा त्यांनी टीव्हीकडे हात केला. “हितं हाय मी, हितं हाय,” त्या म्हणाल्या. खोलीत सगळेच रडले. मीही रडलो, आणि मला वाटलं, सुटलो एकदाचा.

संपल्यावर अम्मांनी पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, “समदं चांगलं आलंय. पर त्यो एक कोन? पोरीपरीस जास्त त्योच दिसतोय. आन् सारखा खातोय!”

रफीकभाईंनी खाली बघत सांगितलं, “अम्मा, हेच ते. आन्नाचे जावई.”

अम्मांनी मला दारातून शोधून काढलं, नीट न्याहाळलं. “जावई व्हय,” त्या म्हणाल्या. “मग बराबर हाय.”

त्यानंतर आण्णांनी पुण्याहून एक माहीतगार माणूस आणून तो डबा पुन्हा पहिल्यापासून बांधून घेतला. मला त्यांनी कळवलंसुद्धा नाही. दिवाळीला गेलो तेव्हा फराळाआधी त्यांनी मला हाताला धरून स्टुडिओत नेलं. कीबोर्ड कुठे दिसत नव्हता. (तो माझ्या येण्याआधी मामींनी कपाटात कुलपात ठेवला होता, हे मला नंतर कळलं.) चार हिरवे दिवे होते. तीन लुकलुकत होते, चौथा नुसता जळत होता.

“ह्या तिघी काम करत्यात,” आण्णा कौतुकानं म्हणाले. “आन् ही ती तुमी सांगितलेली. काय करत न्हाई. नुसती बसून असती. मी म्हणलं, असू दे. घरात एक असावी.”

मला भरून आलं. एवढ्या सगळ्यानंतर माझा एक शब्द तरी त्यांनी मानला होता. जावई म्हणून जबाबदारीनं मी विचारलं, “आण्णा, पण हीच बिघडली तर?”

“बिघडू द्या की,” आण्णा म्हणाले. “ती कुटं काय करतीया?”

तेवढ्यात मामींनी फराळाचं ताट माझ्या हातात दिलं. मी खुर्चीवर बसलो आणि करंजी उचलली.